होडीच्या चाकावर कोण होते?

नोकरीतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. चेहरा एका गुन्ह्यातला आठवतो आणि जबाब दुसऱ्यातला. नदीवरचा तो अपघात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जसाच्या तसा लक्षात आहे. त्यातली माणसे अजून असतील, म्हणून नावे देत नाही.

माझे वडील गोदीत कारकुनी करायला सिंगापूरला आले आणि इथेच राहिले. माझा जन्म इथला, शाळा इंग्रजी, पण घरात आईने मराठीशिवाय दुसरी भाषा चालू दिली नाही. पुढे मी पोलिसात गेलो, तपास अधिकारी झालो. नदीकाठचा भाग आमच्या विभागात येई.

घटना दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. नदीच्या मुखाशी बंधारा अजून व्हायचा होता, त्यामुळे समुद्राची भरती-ओहोटी थेट शहरातल्या पुलांखाली येत असे. एके काळी मालाच्या होड्यांनी गच्च भरलेली ती नदी तोपर्यंत स्वच्छ झाली होती. काठावरच्या वखारींची हॉटेले झाली होती आणि उरलेल्या लाकडी होड्या, ज्यांना इथे बमबोट म्हणतात, त्या पर्यटकांना फिरवत होत्या.

एका रविवारी दुपारी नियंत्रण कक्षातून संदेश आला: दोन बमबोटींची टक्कर, एक वृद्ध भारतीय महिला पाण्यात पडली. मी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा रुग्णवाहिका तिला घेऊन गेली होती. ज्या होडीतून ती पडली, त्या होडीवर नवरा-बायकोच काम करत. दोघेही चिनी, साठीच्या आसपासचे. बाई नखशिखांत भिजलेली, खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल. नदीत उडी मारून म्हातारीला तिनेच वर काढले होते. नवरा होडीचा दोर हातात धरून उभा होता. दोर केव्हाच बांधायला हवा होता, पण तो तसाच धरून उभा राहिला.

पडलेल्या आजी मराठी निघाल्या. मुलगा रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, घर पुंगोलला. आई कोकणातून पहिल्यांदाच आली म्हणून तो बायको-मुलीसह तिला नदी दाखवायला घेऊन आला होता. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, मांडीचे हाड मोडले आहे आणि फुप्फुसात नदीचे पाणी गेले आहे. इतक्यात काही सांगता येणार नाही. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. आजी वाचल्या तर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत. नाहीतर निष्काळजीपणाने मृत्यू. प्रश्न एकच होता, सुकाणूच्या चाकावर कोण होते?

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. जुन्या पिढीतल्या चिनी माणसांशी मी बाजारातली मलय बोलत असे. ती त्यांनाही येते. आधी बाईचा जबाब घेतला.

"होडी कोण चालवत होतं?"

"मी."

"परवाना आहे?"

"नाही."

"मग चाक हातात का घेतलं?"

"नवरा दमला होता. चूक माझी आहे, साहेब. माझ्यावर केस करा."

विनापरवाना होडी चालवणे हा वेगळा गुन्हा आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तिने मान हलवली आणि जबाब पुन्हा तोच दिला.

दुसऱ्या खोलीत नवरा ताठ बसला होता. दारूची चाचणी झालेली होती; थेंबही घेतलेला नव्हता.

"तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "चाक माझ्या हातात होतं. तिनं त्याला कधी हात लावलेला नाही."

"मग बाजूची होडी दिसली कशी नाही, अंकल?"

"डुलकी लागली."

माझा सार्जंट तरुण होता. तो म्हणाला, "सर, म्हातारा बायकोच्या आड लपतोय." मला तसे वाटले नाही. खोटे बोलणारी दोन माणसे सहसा एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे दोघेही स्वतःकडे बोट दाखवत होते. अशा वेळी घाईने आरोपपत्र लिहू नये, हे मी शिकलो होतो.

संध्याकाळी दुसऱ्या होडीचा चालक जबाब द्यायला आला. त्याची होडी धक्क्यावरून सुटून नदीत वळत असताना टक्कर झाली होती. समोरच्याला दोष देऊन स्वतः मोकळे होणे त्याला सहज शक्य होते. पण जबाब लिहून झाला तरी तो खुर्चीतून उठेना.

"अजून काही सांगायचं आहे का?" मी विचारले.

"तो बायकोशिवाय होडी काढत नाही," तो म्हणाला. "ती आजारी असली की त्याची होडी धक्क्यावर. बरीच वर्षं झाली. एवढंच सांगतो, पुढचं मला विचारू नका. आम्ही एकत्र वाढलोय."

तपासाला दिशा मिळाली ती इथून. पण ती दिशा कुठे जाते हे मला अजून कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आजींचा मुलगा ठाण्यात आला. रात्रभर जागलेला, चिडलेला. सुरुवात त्याने इंग्रजीत केली. मी मराठीत उत्तर दिल्यावर क्षणभर गोंधळला आणि मग सगळा राग मराठीत बाहेर पडला.

"साहेब, मला ॲक्शन हवी आहे. आईला काही झालं तर मी त्या माणसाला सोडणार नाही. माझी मुलगी होती बोटीत. सहा वर्षांची!"

त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला. "हा शेवटचा फोटो. पुढच्याच क्षणी धडक बसली."

डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी तो फोटो मोठा करून पाहिला. मध्ये आजी, मुलगा, सून आणि नात. ही होडी जुन्या वळणाची, चाक मागच्या टोकाला. त्यामुळे कुटुंबाच्या पाठीमागे नवरा स्पष्ट दिसत होता. हात चाकावर, डोळे उघडे, नजर सरळ समोर. आणि फोटोच्या कडेला, बाजूने होडीवर येणारी दुसरी होडी. ती तर इतकी जवळ होती की न दिसणे शक्यच नव्हते.

"तुम्ही चौघंही फोटोत आहात. मग काढला कुणी?"

"त्या बाईनं. ती पुढे नुसती बसली होती, बांबू आपटत. मी कॅमेरा दिला, म्हटलं, आंटी, वन फोटो प्लीज."

एका फोटोने दोन्ही जबाब खोटे पाडले. बाई चाकावर नव्हती आणि नवरा झोपलेला नव्हता. पण जागा असलेला, दारू न प्यायलेला, अनुभवी माणूस डोळे उघडे ठेवून टक्कर कशी होऊ देतो?

उत्तर आजींनी दिले. त्यांच्या जिवावरचा धोका टळल्यावर डॉक्टरांनी थोडा वेळ बोलायची परवानगी दिली. मी खुर्ची जवळ ओढली आणि मराठीत ओळख करून दिली.

"अगो बाई, पोलीस मराठी!" त्या म्हणाल्या. मग लगेच, "त्या बाईला काही लागलं नाही ना? माझ्यामागे उडी मारलीन तिनं."

ती बरी आहे, असे मी सांगितले आणि अपघाताआधी काय पाहिले ते विचारले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"माझे वडील तांडेल होते. खाडीतून पडाव चालवायचे, कौलं न् भात न्यायचे. मी लहानपणी मालावर बसून जायची त्यांच्याबरोबर. धुकं असलं की एक खलाशी पुढे नाळेवर बसायचा आणि वाशानं फळी ठोकायचा. डावीकडे काही असलं तर एक ठोका, उजवीकडे असलं तर दोन. वडील मागे सुकाणूवर अनवाणी उभे. ठोका कानानं नाही, तळपायानं कळतो."

"आणि या होडीवर?"

"तेच तर! ती बाई तसंच ठोकत होती. आणि तोही अनवाणी उभा होता. मला इतकं बरं वाटलं ते बघून. मग मनात आलं, ऊन तर लख्ख पडलंय, धुकं कुठाय? हे ठोकतायत कशाला?" त्यांनी डोळे उघडले. "फोटोसाठी ती वळली न् ठोका थांबला. साहेब, त्या माणसाला दिसत नाही का हो?"

तपास चालू असताना साक्षीदाराला उत्तर द्यायचे नसते.

ठाण्यात परत आल्यावर मी नवऱ्याला समोर बसवले आणि त्याला माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितले. मग माझा हात बाजूने हळूहळू पुढे आणला. "हात दिसला की सांगा." हात जवळजवळ माझ्या चेहऱ्यापर्यंत आला तेव्हा तो म्हणाला, "आता." दुसऱ्या बाजूनेही तसेच. समोरचे त्याला स्वच्छ दिसत होते. भिंतीवरच्या सूचनाही त्याने वाचून दाखवल्या. बाजूचे जग मात्र त्याला उरलेलेच नव्हते. नंतर नेत्रतज्ज्ञांनी अहवाल दिला: दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, बराच पुढे गेलेला.

मी बाईला आत बोलावले. ती त्याच्या शेजारी बसली. मी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला आणि म्हणालो, "आंटी, डावीकडे एक ठोका आणि उजवीकडे दोन. बरोबर?"

ती रडली नाही. नवऱ्याकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्याने मान खाली घातली. मग तोच बोलू लागला.

त्याचा जन्म बापाच्या मालवाहू होडीवर झाला होता. बायको लग्न होऊन होडीवरच आली. मोठ्या जहाजांवरून तांदूळ आणि रबर उतरवून वखारींना पोहोचवायचे, होडीच्या मागच्या खोपटात स्वयंपाक करायचा, तिथेच निजायचे. पुढे नदीची सफाई झाली, मालाच्या होड्या हलवल्या गेल्या आणि त्यांना तोआ पायोहला सरकारी फ्लॅट मिळाला. "घर चांगलं होतं," तो म्हणाला. "पण जमीन हलत नव्हती. कित्येक महिने झोप लागली नाही." पर्यटकांच्या होड्या सुरू झाल्या तेव्हा दोघे पहिल्या रांगेत उभे होते.

"डोळे कधीपासून गेले?"

"दार हळूहळू लोटावं तसं झालं. आधी मलाही कळलं नाही. तिला कळलं." त्याने बायकोकडे पाहिले. "मी म्हटलं, सोडून देऊ. ती म्हणाली, घरी बसलास तर वर्षभरात मरशील. मी तुझी बाजू बघते."

"आणि बघितली मी," बाई म्हणाली. "फक्त त्या एका वेळी नाही बघितली."

सार्जंटने लिहिणे थांबवले होते. मी त्याला लिहायला सांगितले.

मुलाला फोटोचा अर्थ समजावून सांगणे मला भाग होते. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कॅमेरा दिला म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "कॅमेरा देणं हा गुन्हा नाही. तिच्या हातात काय काम होतं, ते तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी ते लपवलं, आणि तोच त्यांचा गुन्हा आहे."

त्यानंतर तो ॲक्शनबद्दल बोलला नाही. उलट, आईला त्या दोघांना भेटायचे आहे, म्हणून तोच परवानगी मागायला आला. जबाब पूर्ण झाले होते. वरिष्ठांना विचारून मी भेट घडवली.

दोघे संत्री घेऊन आले आणि पलंगाशी वाकून उभे राहिले. आजींनी बाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मला म्हणाल्या, "आता मी बोलते ते जसंच्या तसं सांग त्यांना. गोड करू नकोस."

मी मान हलवली.

"माझा जीव तू वाचवलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझी नात होती त्या होडीत. तिला पोहता येत नाही. नवऱ्यासाठी तू दुसऱ्यांची पोरं पणाला लावलीस. हे बरोबर नव्हे."

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितले. बाईने मान वर केली नाही. म्हातारा म्हणाला, "खरं आहे."

पायाशी उभी असलेली नात कंटाळली होती. "आजी, they say sorry already lah," ती म्हणाली.

"सॉरी म्हटलं की संपत नाही गो," आजी म्हणाल्या. आणि संत्र्यांपैकी एक उचलून त्यांनी त्या बाईलाच सोलायला दिले.

खटला लांबला नाही. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी काही सांगायचे आहे का, असे विचारले तेव्हा तो दुभाष्यामार्फत म्हणाला, "शिक्षा द्या. परवाना मी आजच परत करतो. पण मला डुलकी लागली असं मी पोलिसांना सांगितलं होतं, ते कुठे लिहिलेलं राहू नये. मी चाकावर कधी झोपलो नाही."

त्याला दंड झाला आणि परवाना कायमचा रद्द झाला. आजींनी दयेची विनंती केली होती आणि त्याने खटला न लढवता कबुली दिली होती, या दोन्हींचा विचार करून तुरुंगवास टळला. खोट्या जबाबाबद्दल बाईला सक्त ताकीद मिळाली. आजी काठी घेऊन चालू लागल्यावर कोकणात परतल्या. काही महिन्यांनी दुसऱ्या होडीच्या चालकाने मला सांगितले की त्या बाईने चालकाच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. लेखी परीक्षेत ती आधी नापास झाली. मग नवऱ्याने घरी बसून तिची तयारी करून घेतली आणि ती पास झाली. वर्षभरात मरेल असे तिने ज्याच्याबद्दल म्हटले होते, तो माणूस मी सेवानिवृत्त झालो तेव्हाही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, सकाळी तिच्यासाठी नाश्ता बांधून घेताना दिसायचा.

खोटे पकडणे हे आमचे काम. त्या प्रकरणापर्यंत मी समोरच्या माणसाला एकच विचारत असे: खोटं का बोलतोस? त्यानंतर मी विचारू लागलो: कुणासाठी बोलतोस? या प्रश्नावर अट्टल गुन्हेगार हसतात, पण साधी माणसे गप्प होतात आणि मग खरे बोलू लागतात. प्रेमापोटी केलेल्या गुन्ह्याने झालेली दुखापत कमी दुखत नाही, हे आजी मला शिकवून गेल्या. म्हणून मी आरोपपत्रातली एकही ओळ सौम्य केली नाही. ते लिहून झाल्यावर मात्र सार्जंटला सांगून, पहिल्या दिवशी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या त्या दोघांना एकाच गाडीतून घरी सोडले.