इंजिनावरची जागा

लग्नानंतर वर्षभरातच मी औरंगाबादच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागले. बिडकीनहून आम्हाला न्यायला ठेकेदाराची मॅटाडोर यायची. त्या गाडीचं इंजिन आतच होतं, डायवर आणि त्याच्या शेजारची सीट यांच्या मधोमध. वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर रेक्झिन. शेजारच्या सीटवर स्टोअरकीपर बसायचे, मागच्या बाकांवर गडीमाणसं, आणि झाकणावर आम्ही दोघी बायका, मागं तोंड करून. म्हणजे रस्ताभर आम्ही पुरुषांच्या नजरेसमोर. त्यांच्यात आमचे हेही असायचे, त्याच कंपनीत प्रेसवर कामाला होते. खाली गोधडीची घडी घातली तरी चटका लागायचाच. पाय पसरायला जागा नाही, आणि उठावं तर डोकं टपाला आपटायचं.

दुसरी बाई आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातली. वयानं मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. आमची ओळख त्या झाकणावरच झाली. एरवी धनगराच्या सुनेला तिच्याशी चार शब्द बोलायला निमित्त कुठलं मिळणार? तिचा धाकटा भाऊ शहरात कॉलेजात होता. त्याच्याविषयी सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि तरी सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं. कुठं मोर्चा निघाला, कुठं वस्ती पेटवली, कुणावर गावातून सामानासकट निघून जायची वेळ आली, अशा बातम्या रोज कानावर यायच्या. आक्का गाडीत चढली की मागचं बोलणं थांबायचं. तिचा भाऊ मोर्चात असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवसांत गाडी तापायला लागली. एका सकाळी स्टोअरकीपर डायवरला म्हणाले, "हे झाकणच काढून टाक की. हवा लागली तर इंजिन थंड राहील."

"काढतो की. पर बायांनी बसावं कुठं?"

"एकीला मागं घेऊ सरकून. दुसरीनं यष्टीनं यावं."

एकी कोण आणि दुसरी कोण, हे कुणी बोललं नाही. पहिली एसटी शिफ्ट सुरू झाल्यावर पोचायची. आक्कानं ती धरली असती तर महिनाभरात तिची नोकरी गेली असती. ती मांडीवरच्या डब्याची कडी नुसतीच उघडझाप करत होती.

आमच्या ह्यांनी बाकावर सरकून जागा केली. "ये मागं," म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघत होते. नवऱ्यानं चारचौघांत हाक मारलेली. उठले असते तर आक्का तिथंच संपली असती, आणि न उठावं तर घरी जाऊन काय ऐकावं लागेल ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "मला मागं मळमळतं. झाकण असू द्या."

हे खोटं होतं. मागं बसून मला कधीच मळमळलं नव्हतं. पण बाईच्या मळमळीपुढं पुरुष काही बोलत नाहीत. कुणीतरी गालात हसलं, काहीतरी वेगळाच अर्थ लावून. झाकण राहिलं. घरी ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, आणि सासूबाई मात्र मला आंबट काही हवं का म्हणून विचारू लागल्या. त्या एका खोट्यात मीही अडकले. आता मागं बसणं मला कायमचं बंद झालं.

त्यानंतर काही दिवसांनीच रस्ता अडवला गेला. शहराच्या अलीकडं टायर पेटवलेले होते, रस्त्यावर दगड रचलेले होते, आणि काठ्या घेतलेले लोक उभे होते. नामांतराच्या विरोधातल्या घोषणा चालल्या होत्या. मागं ट्रक येऊन थांबला, त्यामुळं परत फिरायचीही सोय राहिली नाही. एक दगड टपावर पडला, तसं सगळ्यांनी काचा चढवल्या.

डायवर इंजिन बंद करीना. "गरम हाय. बंद केलं तर पुन्हा चालू व्हायचं नाय," म्हणाला. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. खालून धग वाढत चालली. रेक्झिनचा करपट वास सुटला. मी आक्काचा हात धरला, तो घामानं निसटत होता.

"झाकण काढावं लागंल," डायवर म्हणाला. "नायतर इंजिन जाम व्हईल."

"येडा का तू? काचा बंद हायेत. वाफेनं मरू आपण," मागून कुणीतरी ओरडलं.

"काढा," आक्का म्हणाली. ती गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्यांदाच बोलली होती.

आम्ही दोघी वाकून उभ्या राहिलो. डायवरनं कड्या सोडल्या आणि आम्ही पदरानं धरून झाकण उचललं. डिझेलची वाफ तोंडावर आली. माणसं खोकू लागली. झाकण ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते आम्ही तसंच उभं धरून राहिलो, पोटाशी.

तेवढ्यात काचेवर काठी वाजली. स्टोअरकीपरनी चार बोटं काच खाली केली.

"कुठली गाडी? कोण कोण हाय आत?"

"कंपनीची. कामगार आहेत."

त्या माणसाची नजर आमच्यावर थांबली. "ह्या बाया कोण?"

मग आमचे हे मागून म्हणाले, "ती माझी मंडळी. आन् ती माझी मेव्हणी. धनगर हाये आम्ही."

त्यानं जरा वेळ बघितलं आणि दगड सरकवायला सांगितलं.

गाडी उघड्या इंजिनानं सुटली. कंपनीच्या फाटकात पोचलो. मला वाटलं, आक्का ह्यांना हात जोडील. ती खाली उतरली, पदर झटकला आणि सरळ आत गेली. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुझ्या मालकानं जीव वाचवला माझा, व्हय," ती म्हणाली. "पर मी कोण हाय ते सांगून न्हाय वाचवला. कालपर्यंत ह्याच गाडीत मी नको होते. आज मेव्हणी झाले."

तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्यासमोर ठेवला. रागावली नव्हती, पण जवळही नव्हती.

पुढं कर्फ्यू लागला, कंपनी काही दिवस बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा आक्का शहरातच भावाजवळ खोली घेऊन राहिली होती आणि पायी कामावर यायची. गाडीचं झाकण डायवरनं कायमचं काढलं, त्यामुळं मी बाकावर ह्यांच्या शेजारी आले. आता मळमळीची आठवण कुणी काढली नाही.

एकदा घरी मी ह्यांना विचारलं, "तुम्ही मेव्हणी का म्हणालात?"

हे मेंढरांना पाणी दाखवत होते. त्यांनी बादली पुढं सरकवली. मग म्हणाले, "दुसरं काय म्हणायचं होतं? सांग तूच."

मेंढरं पाणी पिऊन वळली, तरी मी तिथंच उभी होते.