मी वायफाय जपून वापरते

सोमवारी दुपारी आमच्या बीड बायपासच्या घरी ईनबाई आल्या, म्हणजे माझ्या सुनेच्या आई… राहतात फर्दापूरला. गुडघे दाखवायला आल्या होत्या, पण खरं दुखणं झालं मला.

त्याचं असं, की माझी एकुलती एक नात वैशू सहा महिन्यांपूर्वी जर्मनीला शिकायला गेली. सून नोकरीवर जायची, त्यामुळं पोरगी माझ्याच हाताखाली वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या, बालवाडीत रडायची तर खिडकीबाहेर मी उभी राहायची… फर्दापूरला जायची ती वर्षातून चार दिवस.

तर आम्ही चहा घेत होतो आणि ईनबाईंचा फोन वाजला. वैशू! तोसुद्धा तोंड दिसणारा फोन! "आजी, डॉक्टर काय म्हणाले गुडघ्याचं?" इथून जे सुरू झालं ते पाऊण तास… बर्फ दाखवला, करपलेली भाजी दाखवली, खोलीतली मैत्रीण दाखवली.

शेवटी ईनबाईंनी फोन माझ्याकडं फिरवला. "ही बघ, तुझी दुसरी आजी." दुसरी! मी "बरी आहे" एवढं म्हटलं आणि कप उचलून आत गेले. नळ न सोडता तो एक कप कितीतरी वेळ नुसता घासत बसले.

बाहेर आले तर ईनबाईंचं चालूच. "दोन दिवसांआड येतो हो तिचा फोन. तुम्हाला तर रोजच येत असंल, नाय?" मी म्हटलं, "व्हय, येतो की."

खोटं बोलले. ती गेल्यापासून माझ्या फोनवर तिचा एक फोन नव्हता. सुनेशी बोलून झालं की उरलेली दोन मिनिटं माझ्या वाट्याला… टँकरच्या तळाला पाणी राहतं ना, तशी.

आणि मला कारण माहीत होतं, निदान मला तसं वाटायचं. ती जायची म्हणाली तेव्हा मीच बोलले होते, "इथली कॉलेजं काय बुडालीत का?" गाडीत बसली तेव्हा रागानं बाहेरसुद्धा आले नाही. पोरीनं ते मनात धरलं असणार… विचारायची हिंमत होईना आणि मानही सोडवेना.

संध्याकाळपर्यंत मी ईनबाईंशी मोजकंच बोलले. त्यांची नवी चप्पल, त्यांचा चष्मा, त्यांचं ते फोनकडं बघून हसणं… सगळं डोळ्यांत खुपत होतं. जेवायला मात्र थालीपीठ केलं, त्यात कसूर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, घृष्णेश्वराचा फोटो पाठवते तुम्हाला. पाठवला, पण माझ्याकडं काही येईना. त्याही मला ईनबाईच म्हणतात, विचारलं, "ओ ईनबाई, तुमच्या फोनचं वायफाय बंद हाय का?"

"बंदच असतं की," मी म्हटलं. "सकाळी पंधरा मिनिटं सोडते, भजनं-बिजनं भरून घेते आणि मग बंद करते. वाया कशाला घालवायचं?"

आता तुम्हीही हसताय, कळतंय मला… पण ऐका. आमच्याकडं शेतं जाऊन प्लॉट पडले, प्लॉटवर बिल्डिंगा झाल्या, पण घरात फोनला रेंज काही आली नाही. म्हणून मुलानं भिंतीला तो वायफायचा डबा बसवला, सगळे त्याच्यावरच बोलतात. मला वाटलं, गच्चीवरच्या टाकीसारखंच असणार… सगळ्यांनी सोडून ठेवलं तर सुनेच्या ऑफिसच्या कामाला पुरायचं कसं?

त्यात हे वर्ष असं कोरडं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की बायकांची भांडणं. जी बाई भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालते, तिच्या हातून वायफाय उघडं कसं राहील?

ईनबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या व्हायच्या बाकी होत्या. "अहो बाई, ते आटत नाय!"

मग त्यांनी माझ्या फोनमध्ये खाली कुठंतरी बोट लावलं आणि त्यांचं हसू थांबलं. ओळीनं लाल बाण, न उचललेल्या फोनांचे. वैशू, वैशू, वैशू… ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सगळे दुपारचे, माझं वायफाय बंद झाल्यानंतरचे. सकाळी फोनवर वर ज्या चिठोऱ्या येतात त्या मी न वाचताच केरासारख्या झाडून टाकते, त्यात हेही गेले असणार.

ईनबाईंनीच वायफाय सोडलं, त्यांनीच बटण दाबलं. वैशूनं पहिल्याच रिंगला उचलला. "आज्जे?… आज्जे, राग गेला का गं तुझा?"

म्हणजे तिला वाटत होतं, मी रागानं उचलत नाही. आणि आईसमोर मला विचारायची तिचीही हिंमत नव्हती… शेवटी रक्त कुणाचं! ती रडली, मीही रडले, मग दोघी हसलो. भाजी का करपते, डोक्याला तेल लावते का, ती मैत्रीण कुठली… मी काही सोडलं नाही. तास कसा गेला कळलंच नाही.

मग वैशू म्हणाली, "आज्जे, फर्दापूरच्या आजीला दे ना एक मिनिट." ईनबाई माझ्या शेजारीच बसलेल्या, मांडीवर उशी, फोन घ्यायला हात पुढं केलेला.

मी म्हटलं, "त्या झोपल्यात गं."

तोंडातून निघून गेलं… काय करू! ईनबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग हात मागं घेतला, चष्मा काढून ठेवला, उशी डोक्याखाली सारली आणि खरंच डोळे मिटून घेतले. बाई मोठ्या मनाची आहे… तोंडावर म्हणायला जड जातंय, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते.