केलं असेल का मी ते पाप?

"यांना ओसीडी आहे," धुळ्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने लगेच विचारलं, "पण मॅडम, पापही केलेलं असेल आणि वरून ओसीडीही असेल, असं होऊ शकतं ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिथेच, त्यांच्यासमोर.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार डोक्यात घुसून बसतो, आणि त्याची धास्ती शमवायला माणूस तेच तेच करत राहतो. कुणी हात धुतं, कुणी कुलूप ओढून बघतं. आमचे शमुवेल माफी मागत होते.

आम्ही पारोळ्याला राहतो. शमुवेलांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. एका रविवारी चर्चच्या उपासनेत, ऐन प्रार्थनेत, यांच्या मनात पवित्र आत्म्याला उद्देशून एक घाणेरडी शिवी आली. तोंडातून हूं की चूं नाही. पण बायबलमधल्या शुभवर्तमानात म्हटलं आहे की बाकी सगळ्याची क्षमा होईल, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची होणार नाही. आम्ही सगळे ते लहानपणापासून ऐकतो आणि पुढे वाचतो. हे तिथेच अडकले.

मग दुकानात नवा तमाशा सुरू झाला. वेल्डिंग करताना तो विचार आला की तो जोड बाटला म्हणायचं, ग्राइंडरने घासून काढायचा आणि पुन्हा मारायचा. शेतकरी ट्रॉलीसाठी ताटकळत उभे, आणि हे डोळ्यांवरची काच वर करून माफी पुटपुटतायत. गिऱ्हाइकं तुटली. जेवण तुटलं. रात्रंदिवस मला एकच प्रश्न, "मार्था, केलं असेल का मी ते पाप?" मी म्हणायचे, "नाही हो, नाही केलंत." तासाभराने पुन्हा तेच. भाजीला फोडणी देताना, कपडे वाळत घालताना, संडासच्या दारावर टकटक करूनसुद्धा! मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी शांतपणे समजावलं. ते पाप म्हणजे मनात आलेली शिवी नव्हे. देवाचं काम डोळ्यांनी दिसत असताना त्याला जाणूनबुजून सैतानाचं काम म्हणायचं आणि शेवटपर्यंत पाठ फिरवून राहायचं, ते हे पाप. ज्याला त्याची भीती वाटते त्याने ते केलेलं नसतं. शमुवेलांचा चेहरा उजळला. तो उजेड घरी येईपर्यंत टिकला. फाटकाशी म्हणाले, "पण माझी भीती खरी आहे, की मी नुसतं सोंग करतोय?"

त्यानंतर चर्चच्या मंडळीने जे केलं ते आम्हीच करू जाणो. सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना ठेवली. विषय काय, तर भाऊ शमुवेलच्या पापाची क्षमा व्हावी. किती मायेने केलं सगळ्यांनी! आणि हे घरी येऊन मला म्हणाले, "बघ, सगळ्यांनाच माहीत आहे. नाहीतर क्षमा कशाला मागतील?" त्या दिवसापासून प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये वाटतात त्या भाकरीचं, ताट बाकावर आलं की हे भाकरीला हात न लावता पुढे सरकवायला लागले. भडगावहून सासूबाई आल्या, त्यांनी वेगळाच घोळ घातला. "काय करं शे ते सांगी टाक ना रे बठ्ठं, देव माफ करी!" माणसाने काही केलेलंच नाही, तर सगळं सांगून टाकणार ते काय?

एकदा म्हणाले, "जगून तरी काय करायचं, पुढचं तर ठरलंच आहे." तेव्हा मात्र माझा राग गळाला आणि मी घाबरले. कुणी असं बोललं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मी आधी जळगावला नेलं. एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरांनीच धुळ्याला मानसोपचाराकडे पाठवलं.

गोळ्या सुरू झाल्या. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर त्या काम करतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात. दर खेपेला डॉक्टरबाईंच्या खोलीत बसून मी पंख्याकडे बघायचे आणि हे माझ्याकडे, प्रश्न तयार ठेवून.

दुसरा उपचार होता एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करायची नाही. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "मी ख्रिस्ती नाही, शास्त्र तुमचं तुम्हाला ठाऊक. पण तुमचं 'नाही केलंत' हे त्यांचं व्यसन झालंय. ते बंद करा. विचारलं तर म्हणा, असेलही, नसेलही."

मी उखडलेच. आधी सगळ्यांनी माफ्या मागितल्या, आता बायकोने म्हणायचं की असेलही! मी तणतणत पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मार्था, क्षमा करणं तुझ्या हातात आहे का? मग त्याचा निकाल तू रोज का देतेस? तो देवाकडे राहू दे."

त्या संध्याकाळी प्रश्न आला. मी म्हटलं, "असेलही, नसेलही. मेथी निवडा." हे रागावले, रडले, अंगणात फेऱ्या घालत राहिले. मीही आत रडले. पण मेथी निवडून झाली.

असे कितीतरी दिवस गेले. हळूहळू प्रश्न विरळ झाला. ट्रॉलीचा जोड एकदाच मारला जाऊ लागला. विचार अजून येतो, हे तसं सांगतातही, पण डोळ्यांवरची काच न उचलता काम पुरं करतात. मी अजून चिडते. पण त्या डॉक्टरबाईंचे आणि आमच्या पाळकसाहेबांचे उपकार मी विसरणार नाही. घरात असं कुणी असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. मी त्यात फार दिवस घालवले.

गेल्या प्रभुभोजनाला ताट आमच्या बाकावर आलं. माझी नजर यांच्या हातावर खिळली होती. हात ताटापाशी थांबला. माझ्याकडे बघतील, विचारतील, म्हणून मी ओठ आवळून बसले. यांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

ताट माझ्यासमोरून पुढे गेलं. यांनी पटकन हात लांब करून ते परत मागे ओढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घेतलीच नाहीस. जेवणार नाहीस का?"

कित्येक महिन्यांत यांनी मला विचारलेला हा पहिला वेगळा प्रश्न होता.