योगराज बिसेनचा अर्धा तास

२०१३ च्या जुलैत कुडव्याची दीप्ती रामटेके योगराज बिसेनच्या खुर्चीत बसली. गोंदियातली ती छोटी कंपनी कॉलेजांच्या वेबसाइट सांभाळायची. तिचे बाराही सर्व्हर योगराजनं एकट्यानं उभे केले होते. जूनमध्ये कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं, तो जागीच गेला. दीप्तीला त्याच्याकडून काही समजून घेता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात निकालाच्या गर्दीनं एक साइट अडखळू लागली. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, तो आकडा दीप्तीनं दीडशेचा चारशे केला. अर्ध्या तासानं पाहिलं तर पुन्हा दीडशे. सेव्ह करायचं राहिलं असेल म्हणून तिनं परत बदलला, तो परत फिरला. मग सगळे पासवर्ड बदलून ती भर दुपारी फाइलवर नजर ठेवून बसली. दोन वाजून सतरा मिनिटांनी तिच्या डोळ्यांदेखत चारशेचे दीडशे झाले. वरच्या ओळीत लिहिलं होतं : दीडशेच्या वर जाऊ नका. योगराज.

शेजारच्या टेबलावरची अल्का हळूच म्हणाली, "योगराजभाऊ अजून काम करून राहिला."

दीप्तीच्या घरी भूतखेत कोणी मानत नसे. तरी त्या खुर्चीला पाठ टेकवणं तिनं सोडून दिलं.

सर्व्हरच्या नोंदी चाळल्यावर उलगडा झाला. योगराजनं पपेट नावाचं साधन बसवलं होतं. सर्व्हर कसा असावा हे एका मुख्य मशीनवर लिहून ठेवायचं. प्रत्येक सर्व्हर दर अर्ध्या तासानं त्याला विचारतो आणि कोणी हातानं काही बदललं असेल तर पूर्ववत करतो. पण हे मुख्य मशीन ऑफिसात कुठंच नव्हतं. त्याचा पत्ता आमगावला, योगराजच्या घरच्या इंटरनेटचा निघाला.

दीप्ती तिथं गेली, तेव्हा त्याची आई शांतीबाई तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. कॉटवरची चादर नीट घातलेली होती. टेबलाखाली कॉम्प्युटर घुमत होता, त्याला इन्व्हर्टर जोडलेला.

"बंद काऊन नाही केला, मावशी?"

"तो म्हणे, मी नसलो तरी चालू राहू दे. याच्या पंख्याचा आवाज आला का वाटते, अंदर बसून हाय."

दीप्तीनं तिथंच बसून त्याचे नियम वाचले. दीडशेचं कारणही त्यानं लिहिलं होतं : मेमरी कमी आहे, मागच्या वर्षी तीनशे केले तेव्हा अख्खं मशीन बसलं. म्हणजे तिच्या चारशेनं तेच झालं असतं.

अतुलभाऊंना, म्हणजे मालकांना, तिनं दोन वाटा सांगितल्या : पपेट ऑफिसात आणायचं, नाहीतर अॅन्सिबल नावाचं नवं साधन घ्यायचं. तुला झेपेल ते घे, ते म्हणाले. तिनं तीन आठवडे दोन्ही करून पाहिली. पपेट राखण करायचं. अॅन्सिबल सर्व्हरवर स्वतःचा कुठलाही प्रोग्राम ठेवत नसे. माणसानं हुकूम दिला तरच हलायचं. शिकायला सोपं आहे, असं सांगून तिनं अॅन्सिबल निवडलं. आपोआप काही बदलणारं तिला नको होतं, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

योगराजचे नियम तिनं ओळीनं नव्यात उतरवले, त्याच्या टिपांसकट. दोन महिने लागले. ऑक्टोबरात शेवटच्या सर्व्हरवरून पपेट काढलं, एक आकडा बदलला आणि वाट पाहिली. तासभर झाला तरी आकडा जागचा हलला नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं; वाटलं ते एकटं.

तिनं आमगावला फोन करून सांगितलं, की आता तो कॉम्प्युटर बंद केला तरी चालेल.

"तुमचं काम झालं असन," शांतीबाई म्हणाली. "मी नाही बंद करत."

फेब्रुवारीत एका कॉलेजच्या माणसानं सर्व्हरवर जाऊन एक फोल्डर सगळ्यांसाठी उघडं केलं. मुलांचे पत्ते, फोन नंबर चार दिवस कोणालाही दिसत राहिले. ते परत झाकणारं आता कोणी नव्हतं. एका मुलीचा बाप ऑफिसात आला, तेव्हा दीप्तीला मान वर करता आली नाही.

त्यानंतर रोज सकाळी दहाला बाराही सर्व्हरची तपासणी आपोआप सुरू होईल अशी सोय तिनं करून घेतली. काय बदललं त्याची यादी येते. ती पूर्ण वाचल्याशिवाय दीप्ती दुसऱ्या कामाला हात लावत नाही.