डाव्या बाहीवरची लाल पट्टी

रस्ता ओलांडायचा असो की भाकरी मोडायची, माझा दोस्त आधी मान डावीकडे वळवायचा. शर्टाच्या डाव्या बाहीवरची लाल पट्टी नजरेस पडली की स्वतःलाच सांगायचा, "लाल दिसलं." मगच पुढचं काम. शिराळ्याच्या आमच्या गल्लीत कुणी नवखा हे पाहून हसला, तर मी शिवणयंत्रावरूनच त्याला दोन शब्द ऐकवत असे. ती पट्टी मी शिवलेली होती.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. उसाची गाडी उलटली आणि त्याचं डोकं दगडावर आपटलं. मिरजेला नेलं, तिथे कवटीचा तुकडा काढून त्याला वाचवलं. घरी आला तेव्हा उजव्या कानशिलावर खड्डा होता, डावा हात लुळा पडला होता, डावा पाय ओढत होता आणि डावीकडचं जग त्याच्यापुरतं नाहीसं झालं होतं. डोळे धड होते, पण डावीकडे काही असतं हे त्याच्या ध्यानातच येत नसे. ताटातली उजवीकडची भाकरी संपली की डाफरायचा, "आज कालवण केलंच न्हाई व्हय?" त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ताट फिरवायच्या आणि कालवण समोर यायचं.

दाढीही तो एकाच गालाची करायचा आणि तसाच ऐटीत माझ्या दुकानात येऊन बसायचा.

"गड्या, दुसरा गाल सासुरवाडीला ठिवलास का रं?"

"कुटला गाल?" तो खरंच विचारायचा.

एका हातानं पटका बांधता येईना आणि उघडं डोकं पाहून माणसं नजर चुकवायची. म्हणून मी त्याला टोपी शिवली, खड्ड्याच्या बाजूला आत जाड कातडं घालून. पट्टीची युक्ती मात्र वहिनींची. डाव्या हाताला लाल चिंधी बांधली की त्याची मान तिकडे वळते, हे त्यांनी हेरलं होतं.

सगळं जमत आलं आणि नागपंचमी तोंडावर आली. अपघाताआधी पंचमीच्या मिरवणुकीसाठी आमच्या गल्लीचा जिवंत नाग तोच धरायचा. यंदाही मीच धरणार, म्हणून तो हटून बसला. वहिनी दुकानात आल्या.

"भावजी, तुमी तरी सांगा. नाग भाऊ हाय माजा, उपास करते मी त्येचा. पर नवरा बी येकच हाय."

मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर, नुसतं टोपी घालून बसायला वाचलो व्हय मी?" नाग धरायच्या दिवशी दुकान बंद करून मी त्याच्याबरोबर गेलो.

ओढ्याकाठच्या बांधात गल्लीतल्या लोकांनी बीळ उकरलं. नाग बाहेर पडला. तो काठी घेऊन पुढे झाला, पूर्वीच्याच ऐटीत, आणि घाईत पट्टी बघायची विसरला. नागानं वळसा घेतला आणि त्याच्या डाव्या पायाजवळ फणा काढला. हा मात्र समोरच्या रिकाम्या गवताकडे बघत विचारत होता, "गेला कुटं?"

कुणी हलेना. धावावं तर नाग बिथरायचा.

"गड्या," मी हळूच म्हणालो, "लाल बग."

त्याची मान सावकाश वळली. आधी पट्टी दिसली, मग तिच्या खाली फणा. काठीवरची बोटं आवळली. आता हा वाकणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"लाल दिसलं," एवढंच ऐकू आलं. डोळे उघडले तेव्हा तो पाय ओढत मागे येत होता. त्यानं काठी बरोबर आलेल्या आपल्या पुतण्याच्या हातात दिली.

"धर तू. अर्दा नाग धरून चालत न्हाई."

पुढच्या पंचम्यांना तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मिरवणूक बघायचा. नागांच्या गाड्या डावीकडे सरकल्या की मान वळवून शेवटच्या गाडीपर्यंत बघायचा. पुन्हा काठीचं नाव त्यानं काढलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं आणि अभिमानही वाटायचा.

पुढे काही वर्षांनी तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. अंगणात त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, तेव्हा वहिनींनी मला हाक मारली.

"भावजी, ह्या कापडाला पट्टी न्हाई. वाट कशी दिसंल त्येंस्नी?"

उशीर होतोय, असं कुणीतरी पुटपुटलं. त्याला मी गप्प केलं, दुकानातून सुईदोरा आणवला आणि त्याच्या डाव्या बाजूला लाल पट्टी शिवायला बसलो.