नसरुद्दीन मुकादमचं एकशे तेरावं गाणं

नाव: नसरुद्दीन मुकादम. मूळ तालुका दापोली, हल्ली मुक्काम राबिघ, सौदी अरेबिया. हुद्दा: सुरक्षा निरीक्षक. इकामा (सौदीत राहण्याचा परवाना): चालू. छंद: गाणाऱ्या बायकांचं ध्वनिमुद्रण. सदर इसम स्वतः गात नाही, वाजवत नाही, आणि निरीक्षणाखालील प्रसंगात कोणत्याही प्रकारे सहभागी होत नाही.

हा छंद लावला यान्बूतल्या एका अमेरिकन फोरमननं. त्यानं एकदा ब्लूज ऐकवलं. शेतमजुरांचं दुःख, पण ऐकताना पाय ठेका धरतात.

"हे तर आमच्या बायका हळदीला गातात," नसरुद्दीन म्हणाला. "नवरा बोटीवर गेला, सासू उरावर बसली."

"रेकॉर्ड आहे?" फोरमननं विचारलं.

नव्हतं. एकवीस वर्षांत नसरुद्दीननं एकशे बारा गाणी जमवली. प्रत्येकासोबत गाणारीचं नाव, गाव आणि ती कुणाकडून शिकली ते. दोघीजणी त्याच्या खटपटीनं रेडिओवर गेल्या. तिथं त्याचं नाव निघालं नाही, याचा त्याला फार आनंद झाला.

मग कळलं, की शरफुन्निसाखाला जिद्दाला मुलाकडे आल्यात. बोटीवरच्या नवऱ्याचं गाणं पुरं येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, परतीचं विमान शुक्रवारी संध्याकाळी. नसरुद्दीन त्याच सकाळी बायकोला, खतीजाला, घेऊन जिद्दाच्या अल अझीझिया भागात, त्या मुलाच्या घरी पोचला आणि माइक मांडला.

खालांनी इकडंतिकडं पाहिलं. "नवरा कुठाय?"

"कुणाचा?"

"हळदीचा गाणा हाय. हळद लावल्याबिगर म्हणू? मयताला बसल्यासारखा?"

"खाला, पाचला विमान आहे."

"मग बिगीबिगी आण नवरा."

खतीजा स्वयंपाकघरातून हळद कालवून घेऊन आली. "हे आहेत की. एकतीस वर्षं वापरलेत, पण चालतील."

"अगं, मला रेकॉर्डिंग करायचंय."

"ते यंत्र करतंय. तुम्ही बसा पाटावर."

खालांनी त्याला नीट न्याहाळलं. "पोट सुटलाय. पन हाय तो बरा."

आणि त्यांनी आवाज लावला. अशा गाण्यात नवऱ्याचं नाव घालायची रीत आहे, त्यामुळं नसरुद्दीन बोटीवर चढला, बंदराबंदरात बायकोचं नाव विसरला आणि सासूनं शिवलेली लुंगी वाऱ्यावर उडवून बसला. खतीजा हसून हसून भिंतीला टेकली. चौथ्या कडव्याला नसरुद्दीन ठेका धरून डुलत होता, सहाव्याला खालांच्या मागं बेसूर ओढत होता. माइककडे कुणाचंच लक्ष नव्हतं. अकराच्या अकरा कडवी आली.

विमान वेळेवर सुटलं. रविवारी नसरुद्दीन कामावर हजर झाला.

नखांतली हळद जायला नऊ दिवस लागले.