गुडघ्यातली प्रार्थना

तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं कपडे अल्टर करत होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं आणि ही खाली गुडघ्यांवर, ओठांत टाचण्या, हातात खडू. "काकू, उठा हो, मलाच अवघडल्यासारखं होतंय," असं म्हणणारं एखादं भेटायचं. ती टाचण्या सांभाळत म्हणायची, "हलू नका."

दुकानाखेरीज ती गुडघे टेकायची ते फक्त रविवारी, चर्चमध्ये. एकदा कॅशवालीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अजून जाता?" घरात कंदील लावता का, असं विचारावं तसं. रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या सबंध इमारतीत रविवारी सकाळी बाहेर पडणारे दोघंच, ती आणि कुत्रं फिरवणारा शेजारी.

मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "गुडघे टेकणं बंद. कायमचं." दुकानाने गिऱ्हाइकांना उभं राहायला लाकडी चौथरा करून दिला, तिथलं भागलं. चर्चमधले पाळक म्हणाले, "बाई, बसूनच करा. देव काय हजेरी घेतोय?"

ती बसली. पापकबुलीच्या वेळी पुढची नऊ डोकी खाली गेली आणि ही एकटीच वर राहिली. ओठांवर शब्द बरोबर आले, आत मात्र सगळं ठप्प. नवरा गेला त्या आठवड्यात तिच्या मनाचा दगड झाला होता, तरी गुडघे टेकले की बाकीचं आपसूक यायचं. आता पाच रविवार कोरडे गेले. इतकी वर्षं आपली श्रद्धा होती, की नुसती हाडांची सवय? या विचाराने तिला घास उतरेना.

धाकट्या बहिणीला तिने फोनवर सांगितलं.

"ताई, देवाला काय तुझे गुडघे हवेत?"

"त्याला नकोत गं. मला हवेत."

"मी तर सगळंच सोडलं. माझं काही अडलं का?"

"तुझं नाही अडत. माझं अडतं."

सहाव्या रविवारी उपासनेहून आल्यावर तिने पलंगापुढे दोन घोंगड्या घड्या घालून टाकल्या आणि पलंगाची कड धरून खाली गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी ओठांवरचे शब्द आतूनही येऊ लागले. आली! नवऱ्याचं नाव आलं, बहिणीचं आलं, कॅशवालीचंसुद्धा आलं. स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं.

उठायला गेली तर उठवेना. स्वयंपाकघरात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. हाक मारावी तर घरात कोण होतं? शेवटी हात ताणून खुर्ची ओढून, तिच्यावर भार टाकत ती कशीबशी उभी राहिली.

"कुठे होतीस? तीनदा केला फोन!" बहीण म्हणाली.

"प्रार्थना करत होते."

"तासभर?"

"दहा मिनिटं. उरलेला वेळ उठण्यात गेला."

बहीण हसली नाही. "परत असं झालं तर?"

"होणारच. रविवारी दुपारी येत जाशील?"

"मी प्रार्थनेला बसणार नाही हं, ताई."

"नको बसूस. मला उठव फक्त."

"बघते," बहीण म्हणाली.

ज्यांना दोन बस बदलून यावं लागतं ती माणसं 'बघते' म्हणतात तेव्हा काय होतं, हे तिला ठाऊक होतं. फोन ठेवून तिने खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून ठेवली.